'अनुभव नाही? आत्मविश्वास पुरेसा आहे!' : अजिबात नाही

तिरपी_रेघ (धागाकर्ती)

शेजारच्या धाग्यावर एका सद्गृहस्थांनी नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या नवख्या उमेदवारांना सल्ला दिलाय. नजरेला नजर भिडवा, हसतमुख राहा, नेहमीच्या वीस प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ करा, आणि अनुभवाचा विषय निघाला की 'मी लवकर शिकतो' म्हणा. बाकीचं आत्मविश्वास सांभाळून घेतो म्हणे! खाली 'खूप छान माहिती'ची रांग. तिथे उत्तर लिहिलं असतं तर धाग्यापेक्षा प्रतिसाद मोठा झाला असता, म्हणून वेगळा धागा.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? 'मी लवकर शिकतो' हे वाक्य समोरच्यांनी त्या दिवशी चौथ्यांदा ऐकलेलं असतं. ते खरंही ठरवता येत नाही आणि खोटंही, त्यामुळे कागदावर त्याची नोंदच होत नाही.

त्यापेक्षा जाहिरात छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. 'उत्साही', 'संघभावना असलेला' वगैरे विशेषणं खोडा. उरतात ती पाच-सहा कामं. समजा साठ्याची नोंद, महिनाअखेरचा ताळा, पुरवठादारांकडे पाठपुरावा. प्रत्येकासमोर तीनपैकी एक खूण: केलंय, जवळचं केलंय, नाही.

खरी मेहनत 'जवळचं'वर. स्नेहसंमेलनाचा जमाखर्च पाहिला असेल तर 'मी हिशेब सांभाळला' एवढंच सांगून काही होत नाही. असं सांगा: '212 पावत्या होत्या. वहीतली शिल्लक हातातल्या रोख रकमेपेक्षा 1,800 ने कमी. 1,800 ला 9 ने भाग जातो, आणि दोन अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी 9 च्या पटीत येतो, म्हणून अंक उलटे पडलेत का पाहिलं. 5,300 ची पावती वहीत 3,500 लिहिलेली निघाली. तेव्हापासून दर 25 पावत्यांनी उपबेरीज.' झालं. ताळा म्हणजे काय ते या माणसाला कळतं, हे न सांगता कळलं.

असे पाच प्रसंग तयार ठेवा. प्रत्येकी जास्तीत जास्त 90 सेकंद, फोनवर ध्वनिमुद्रण करून मोजा. वाक्यं पाठ करू नका, फक्त आकडे आणि क्रम पाठ करा. पाठ केलेल्या वाक्यांत मधेच कुणी 'एक मिनिट, 25च का?' विचारलं की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते आणि सगळं उघडं पडतं.

'नाही'ची खूण असलेल्या कामांना तीनच वाक्यं: हे मी केलेलं नाही. त्याच्या सर्वांत जवळचं मी हे केलंय. रुजू झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत अमुक कागद पाहून, अमुक माणसाला विचारून ते असं शिकेन. 'पण' लावून लांबण नको.

शेवटचं म्हणजे त्या कामाचा एक छोटा नमुना स्वतः करून न्या. तीस वस्तूंचा काल्पनिक साठा, आवक-जावक, फेरमागणीची पातळी (किती उरलं की पुन्हा मागवायचं). एक पान.

खुर्चीपलीकडून

ताई, लेख वाचनीय, पण उंटावरून शेळ्या हाकणं चाललंय. मुलाखत घेणाऱ्यांपुढे दिवसाला बारा उमेदवार असतात. तुमचं एक पान कुणी उघडत नाही. पहिल्या दोन मिनिटांत मत बनतं आणि पुढची वीस मिनिटं त्या मताला पुरावे गोळा करण्यात जातात. उमेदवार पुटपुटला, खाली बघत बसला, तर त्याच्या 212 पावत्या ऐकणार कोण? त्या सद्गृहस्थांचं चुकलं असेल, पण तुम्ही म्हणता तितकं नाही.

शिवाय नमुना करून न्या म्हणजे फुकटात राबा. काही ठिकाणी 'सरावासाठी' म्हणून खरंच चालू असलेलं काम उमेदवारांकडून करून घेतात आणि नंतर फोनही उचलत नाहीत. त्याला तुम्ही हातभार लावताय.

तिरपी_रेघ

'काल्पनिक साठा' लिहिलंय. काल्पनिक. त्यांचा आकडा नाही, त्यांची अडचण नाही, तीन तासांच्या वर एक मिनिट नाही. आधी पाठवायचं नाही, विषय निघाला तरच काढायचं. कुणी उघडलं नाही तरी ते करताना जे अडतं त्यातूनच प्रश्न सुचतात: परत आलेला माल कुठल्या रकान्यात? फुटका माल साठ्यात धरायचा का? शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' म्हणतात तेव्हा हेच विचारायचं.

आकडेमोड_आजोबा

1,800 ला 9 ने भाग गेला म्हणजे अंक उलटे पडले, हा निष्कर्ष चुकीचा आहे. 2,000 च्या जागी 200 लिहिलं तरी फरक 1,800च येतो. शून्य घसरलंय, अंक उलटलेले नाहीत. त्यालाही 9 ने भाग जातो. 900 ची जमा खर्चाच्या बाजूला पडली तरी 1,800. आणि 1,800 ची एक अख्खी पावतीच चढवायची राहिली असेल तर? तुमचा उमेदवार हे वाक्य टाकेल आणि समोर एखादा जुना हिशेबनीस असेल तर तिथेच आडवा होईल.

तिरपी_रेघ

'उलटे पडलेत का पाहिलं' असं लिहिलंय, 'पडलेत' असं नाही. नीट वाचा.

आकडेमोड_आजोबा

वाचलं. क्रम तरीही उलटा आहे. आधी बेरीज पुन्हा करायची, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग 1,800 ही नेमकी रक्कम पावत्यांत शोधायची. नाही मिळाली तर निम्मी, 900, बाजू चुकल्यासाठी. हे सगळं झाल्यावर 9. आणि 9 चा भाग लावलाच आहे तर पुरता लावा: 1,800 भागिले 9 म्हणजे 200. म्हणजे हजार आणि शतकाच्या घरांतल्या अंकांत 2 चं अंतर. 53-35, 42-24, 64-46 अशाच जोड्या बघायच्या, 212 पावत्या चाळायच्या नाहीत.

सरळसोट

आजोबा, संगणक नावाची वस्तू आलीय. दोन याद्या शेजारी ठेवल्या की फरकाची ओळ आपोआप रंगते. 9 ने भागत कोण बसतं आता?

आकडेमोड_आजोबा

संगणकात 3,500 कोण टाइप करतं? माणूसच ना? एकच यादी संगणकात असेल आणि दुसरी कागदी पावत्यांची चळत असेल, तर रंगवणार काय?

सरळसोट

पावतीक्रमांकानुसार लावा आणि दर पंचवीसला बेरीज ताडून पाहा, चूक कुठल्या गठ्ठ्यात ते कळतं. 9 ची गरजच नाही. धागाकर्तीच्या उपबेरजेचा अर्थ तोच आहे.

आकडेमोड_आजोबा

गठ्ठा सापडल्यावर पंचवीसातली कुठली, ते 9 सांगतो. आणि एकाच गठ्ठ्यात परस्परांना झाकणाऱ्या दोन चुका असतील तर उपबेरीज बरोबर येते, गठ्ठा निर्दोष सुटतो. हे लिहून ठेवा.

खुर्चीपलीकडून

धागा नोकरीच्या मुलाखतीचा होता ना? की आता तेरीज जुळवायला बसायचं सगळ्यांनी?

उंबरठा

खुर्चीपलीकडून, तुमच्या 'पहिल्या दोन मिनिटांत मत बनतं' यावर. ते मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीला लागू आहे. प्रश्न ठरलेले, सगळ्यांना तेच, उत्तरागणिक गुण, अशी मुलाखत वेगळी. 2022 साली मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी उमेदवार निवडीच्या पद्धतींवरच्या जुन्या अभ्यासांचा फेरआढावा घेतला. पुढच्या कामगिरीशी ठरीव मुलाखतीचा सहसंबंध (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पुरता) 0.42, मोकळ्या गप्पांचा 0.19, आणि अनुभवाच्या वर्षांचा 0.07! म्हणजे ज्या अनुभवासाठी नवखी पोरं खचतात, त्याच्या नुसत्या वर्षांवरून जवळजवळ काहीच सांगता येत नाही.

खुर्चीपलीकडून

0.42 चा वर्ग, म्हणजे कामगिरीतल्या फरकाचा जेवढा भाग मुलाखतीवरून कळतो तो, 0.18 च्या आत. म्हणजे तुमची लाडकी ठरीव मुलाखतही कामगिरीतला चार-पंचमांश फरक सांगू शकत नाही. आणि 0.07 *वर्षांचा* आहे. कुठलं काम केलं, किती जबाबदारीचं, याचा नाही. दहा वर्षं एकच शिक्का मारणाराही त्यात दहा वर्षांचाच. आकडा फेकण्यापूर्वी तो कशाचा आहे ते सांगावं. बाकी जाहिरातीत 'किमान दोन वर्षं' लिहिणाऱ्यानं सॅकेट वाचलेला नसतो. चाळणी तिथेच लागते.

उंबरठा

वर्षांबद्दलचं मान्य. चाळणीबद्दलचं गैरलागू. इथे मुलाखतीचं बोलावणं आलेल्या माणसाची चर्चा आहे, म्हणजे तो चाळणीतून उतरलाय. अनुभव नाही हे त्याच्या अर्जात दिसत होतं, तरी बोलावलं. मग आत जाऊन पहिल्याच वाक्याला 'मला अनुभव नाही, पण...' अशी माफी कशाला?

आणि धागाकर्तीनं एक गोष्ट सोडली. प्रश्न दोन जातींचे असतात. 'असं झालं तर काय कराल?' आणि 'असं कधी केलंत, सांगा.' पहिल्यात नवख्याला पूर्ण गुण मिळू शकतात, कारण अनुभव लागत नाही, कामाची समज लागते. दुसरा अवघड. तिथे बहुतेक जण 'मी असं करेन' म्हणत भविष्यात सटकतात. ऐकणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. सरळ म्हणावं: 'असा प्रसंग नोकरीत आलेला नाही. बाहेर आलेला एक सांगू का?' बहुतेकदा हो म्हणतात. नाही म्हणाले तर मग 'करेन' सांगायचं, परवानगीनं.

तिरपी_रेघ

हे मी लिहायला हवं होतं. घेतलं.

खुर्चीपलीकडून

वा, इथे कुणीतरी काहीतरी मान्य केलं. मीही एक करतो, उपकार म्हणून: 'मी लवकर शिकतो' हे वाक्य टाकाऊ आहे. पण नजर आणि आवाज टाकाऊ नाहीत, आणि तुम्ही त्यांची हेटाळणी केलीत. दोघे-तिघे समोर असतील तर उत्तर विचारणाऱ्याकडे बघून सुरू करायचं, मधे इतरांकडे, शेवट पुन्हा विचारणाऱ्याकडे. प्रश्नानंतर तीन सेकंद गप्प बसलं तर काही बिघडत नाही. सुरुवातीचं वाक्य हळू. हा आत्मविश्वास नाही, सराव आहे, आणि तोही त्या 90 सेकंदांच्या ध्वनिमुद्रणातूनच होतो. आता खूश?

तिरपी_रेघ

तुम्ही माझ्याच पद्धतीनं माझा विरोध करताय. खूश.

नुसतीच_वाचक

मी फक्त वाचत होते. शुक्रवारी मुलाखत आहे, साठ्याच्या नोंदीचंच काम, अनुभव शून्य. आज बुधवार. यातलं आधी काय करू?

उंबरठा

आज जाहिरातीची फोड, एक तास. त्यानंतर पाच नाही, तीन प्रसंग. दोन दिवसांत पाच पक्के होत नाहीत, अर्धवट पाचांची सरमिसळ होते. उद्या सकाळी ध्वनिमुद्रण, प्रत्येकी तीनदा. दुपारनंतर बंद.

तिरपी_रेघ

आणि उद्या दुपारी नमुना. तीस नको, दहा वस्तू पुरे.

खुर्चीपलीकडून

नमुना सोड गं. झोप काढ.

आकडेमोड_आजोबा

नमुना कर. त्यात एक चूक मुद्दाम ठेवू नकोस, हल्ली तसलेही सल्ले देतात. पण मोजलेला साठा आणि वहीतला साठा जुळला नाही तर काय करशील हे मात्र विचारतीलच. 'पुन्हा मोजेन' एवढ्यावर थांबू नकोस. वही गप्प सुधारायची नाही. आधी मोजणीच्या वेळी आत-बाहेर झालेला माल, मग न चढवलेल्या पावत्या, मग एकक: नग लिहिलेत की खोकी? तरीही फरक उरला तर वरिष्ठांच्या सहीनं दुरुस्तीची वेगळी नोंद, कारणासकट.

सरळसोट

एककाचं पटलं. खोक्यात बारा असतील आणि एक खोकं चुकून एक नग म्हणून चढलं तर फरक 11 चा येतो. 9 नव्हे, आजोबा.

आकडेमोड_आजोबा

11 च्या पटीत आला तर आधी खोकी बघ, नुसतीच_वाचक. हे त्याचं बरोबर आहे. एकदाच.