शब्दचर्चा : 'सुकी' आणि 'आइशितेरु'

प्रश्न : जपानी मालिकांत 'सुकी देसु' म्हटलं तरी खाली इंग्रजीत 'आय लव्ह यू' आणि 'आइशितेरु' म्हटलं तरी तेच. मग फरक काय? आणि बोलताना कोणतं वापरायचं?

उत्तर : इंग्रजी बाजूला ठेवा, मराठीतून बघा, निम्मा गुंता सुटेल. 'मला तू आवडतेस' म्हणताना क्रियापद 'तू'प्रमाणे चालतं. 'अनाता गा सुकी देसु'मध्येही ('अनाता' म्हणजे तू) जी व्यक्ती आवडते तिलाच कर्ता दाखवणारा 'गा' प्रत्यय लागतो. इंग्रजीवरून शिकणारे तिथे कर्माचा 'ओ' लावतात, कारण डोक्यात 'आय' कर्ता आणि 'यू' कर्म पक्कं बसलेलं असतं. मुळात 'सुकी' क्रियापदच नाही, विशेषणासारखं चालतं. म्हणून नकार 'सुकी जा नाइ', भूतकाळ 'सुकी देशिता'. उच्चारात स आणि क यांच्यामधला उ जवळजवळ गळतो : 'स्की देस'.

'आइशितेरु' मात्र क्रियापद, तेही चालू स्थिती दाखवणारं रूप. 'मी प्रेम करतो'वरून कुणी 'आइशिमासु' बनवतं, ते या अर्थाने चालत नाही. वजनही फार : कित्येक जोडपी लग्नाला वीस वर्षं झाली तरी हा शब्द तोंडातून काढत नाहीत. आपल्याकडे तरी 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' रोज कोण म्हणतं?

दुसरं उत्तर : वापराबद्दल थोडं. प्रेम कबूल करण्याला 'कोकुहाकु' म्हणतात. नेहमीचा साचा : 'सुकी देसु. त्सुकिअत्ते कुदासाइ.' (तू आवडतेस. माझ्याशी प्रेमाचं नातं जोड.) दुसरं वाक्य गाळलं तर नुसती भावना कळते, मागणी होत नाही. होकार बहुतेक वेळा 'योरोशिकु ओनेगाइशिमासु' असा येतो, नकार 'गोमेन नासाइ' असा. 'किमोची वा उरेशीइ केदो...' (भावना कळली, आनंद झाला, पण...) म्हणून वाक्य अर्धवट सोडलं की तोही नकारच, पुढचं ऐकायची वाट बघू नका.

'त्सुकिआउ'चा अर्थ सोबत करणं असाही होतो. 'काइमोनो नि त्सुकिअत्ते' म्हणजे खरेदीला सोबत ये, एवढंच! आणि समोरच्याला 'अनाता' म्हणू नका. तो पाठ्यपुस्तकी वाटतो, शिवाय बायका नवऱ्याला तशी हाक मारतात. नाव घ्या आणि पुढे 'सान' लावा, किंवा सर्वनाम सरळ गाळा.

आणखी एक : प्रियकर किंवा प्रेयसी म्हणजे 'कोइबितो'. 'आइजिन' म्हणाल तर विवाहबाह्य संबंधातली व्यक्ती. 'आइजिन' ज्या दोन चित्राक्षरांत ('आइ' आणि 'जिन') लिहितात, तीच चिनीत नवरा-बायकोसाठी वापरतात, म्हणून चिनी येणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. यातल्या 'आइ' अक्षराची गंमत अशी की चिनी बौद्ध ग्रंथांत ते 'तृष्णा' या संस्कृत शब्दासाठी वापरलेलं आहे, बारा निदानांतलं (दुःखाच्या कारणसाखळीतल्या बारा कड्यांतलं) आठवं. तिथे ते अजिबात गोड नाही.

प्रश्न : 'चंद्र सुंदर आहे ना' म्हणजे प्रेमाची कबुली, ही गोष्ट खरी का? लेखक नात्सुमे सोसेकींनी 'आय लव्ह यू'चं असं भाषांतर सुचवलं म्हणे.

उत्तर : सोसेकी (१८६७–१९१६) इंग्रजी शिकवत हे खरं. हा किस्सा मात्र त्यांच्या लेखनात सापडत नाही, नंतर रूढ झाला. 'त्सुकि गा किरेइ देसु ने' हे वाक्य आज जपानी लोकांना या अर्थाने माहीत असतं, पण पौर्णिमेला कुणी ते म्हटलं तर बहुतेक वेळा चंद्राबद्दलच बोलत असतं. 'तुझी आठवण येते' म्हणायचं असेल तर साधं 'अइताइ' म्हणा, शब्दशः 'भेटावंसं वाटतंय'.