दोन केमोंच्या मधले दिवस घरात कसे काढावेत?

सत्तरीची सून:
आम्ही गोव्यातील सत्तरी तालुक्यात राहतो. माझ्या सासूबाईंची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली असून आता बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात दर 21 दिवसांनी केमोथेरपी चालू आहे. केमोच्या दिवशी काय करायचे ते तेथे नीट सांगितले जाते. आमची अडचण घरी परतल्यानंतरची आहे. सुरुवातीचे काही दिवस त्यांना अन्नाचा वासही सोसत नाही, फोडणी दिली की त्या उठून मागच्या पडवीत जाऊन बसतात, आणि जरा बरे वाटू लागले की लगेच स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहतात. त्यांना अडवावे की काम करू द्यावे, यावर घरात एकमत नाही. त्यातच चतुर्थी जवळ आली आहे. आमचे घर एकत्र असल्याने मुंबईपासूनची माणसे येतात, आणि माटोळी (गणपतीच्या वर फळा-पाल्यांनी सजवलेली लाकडी चौकट) बांधण्यापासून नेवऱ्या (करंज्या) तळण्यापर्यंत सारे आजवर त्यांच्याच देखरेखीखाली झाले आहे. ज्यांनी हे घरात अनुभवले आहे त्यांनी कृपया लिहावे.

फोंड्याची वाचक:
मी स्वतः या उपचारातून गेले आहे. माझ्या मते त्यांना सरसकट अडवू नये. अडवण्याने माणूस आजारापेक्षा अधिक खचतो. मात्र एका वहीत रोज ताप, जेवण, उलटी, शौच आणि झोप यांची नोंद ठेवावी, कारण पहिल्या दोन फेऱ्यांनंतर त्यांचे वाईट दिवस कोणते आणि बरे कोणते हे त्या वहीतूनच कळू लागते. मग कामे बऱ्या दिवसांकडे ढकलता येतात. बसून खोबरे किसणे किंवा नेवऱ्यांना मुरड घालणे त्यांना जमेल, पण कढईपाशी उभे राहणे नको.

जेवणाचे म्हणाल तर उकड्या तांदळाची पेज मला सर्वांत आधी पोटात ठरू लागली, तीही कोमट, कारण गरम अन्नाचा वास जास्त येतो. थोडे थोडे पण वारंवार द्यावे. तोंड आले असेल तर सोलांची कढी आणि खारातली आंब्याची फोड झोंबते, मग जिभेला चव नसली तरी तो मोह टाळावा. लाल रंगाचे औषध असेल तर नंतर एखादा दिवस लघवी लालसर होते; ते रक्त समजून आमच्या घरी सगळे घाबरले होते.

निवृत्त परिचारिका, म्हापसा:
वरील ताईंशी मी बहुतांशी सहमत आहे, पण बऱ्या वाटणाऱ्या दिवसांवर पूर्ण भरवसा ठेवू नये. मळमळ ओसरून माणूस हिंडू-फिरू लागतो, नेमक्या त्याच सुमारास, म्हणजे साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत, अनेक औषधांमुळे रक्तातील पांढऱ्या, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या, पेशी सर्वांत कमी झालेल्या असतात. चतुर्थी या दिवसांत येते का ते आधी पाहावे आणि डॉक्टरांना सांगावे. माटोळीसाठी रानातून आणलेल्या फळा-पाल्याला माती आणि बुरशी असते, म्हणून ती बांधण्याचे काम यंदा दुसऱ्यांनी करावे. त्यांनी दूर बसून सांगावे.

ताप 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक झाला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाला फोन करावा. फोन करण्यापूर्वी पॅरासिटामॉल देऊ नये, कारण त्याने ताप झाकला जातो. सत्तरीतून बांबोळी दूर आहे, तेव्हा रात्री कोणाची गाडी मिळेल हे आजच ठरवून ठेवावे. नाहीतर 108 आहेच. तोंडासाठी पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चुळा भराव्यात. उलटीच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतो, त्याचे औषध डॉक्टरांकडून आधीच मागून घ्यावे. केमोनंतर सुमारे 48 तास लघवी आणि उलटीतून औषध बाहेर पडत असल्याने ती साफ करणाऱ्याने हातमोजे घालावेत.

डिचोलीचा वाचक:
पाहुण्यांविषयी मी थोडा कठोर आहे. आईच्या वेळी आम्ही नातेवाइकांना आधीच फोन करून कळवले की ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने बाहेरूनच देवाला नमस्कार करून जावे. दोघेजण रागावले, आणि आम्ही ते रागावणे सोसले. आपल्याकडे भेटीला न येणे हा अपमान समजला जातो, पण आजारी माणसाच्या खोलीत दहाजणांनी बसून कोणाकोणाला काय झाले त्याच्या कथा सांगणे अधिक वाईट. बोलणारे एकेकटे आणि थोडा वेळ यावेत, आणि आईला कंटाळा आला की तिने घरच्यांना खूण करावी, असे आम्ही ठरवले होते.

सत्तरीची सून:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. तारखा पाहिल्या, चतुर्थी दहाव्या दिवशी येते, तेव्हा डॉक्टरांशी बोलून घेतो. आणखी एक विचारते: शेजारच्या काकी ताकद येण्यासाठी गुळवेलीचा काढा रोज आणून देतात. त्यांना नाही म्हणणे कठीण जाते. द्यावा का?

निवृत्त परिचारिका, म्हापसा:
डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत, आणि लाल औषधाची मात्रा यकृताच्या तपासण्या पाहूनच ठरवली जाते. यकृत बिघडले तर केमो पुढे ढकलावी लागू शकते. काकींना डॉक्टरांचे नाव पुढे करून सांगावे, म्हणजे त्यांनाही वाईट वाटणार नाही. त्यांना काही करायचेच असेल तर घरातली माणसे बांबोळीला असतील त्या दिवशी मुलांच्या जेवणाचे पाहण्यास सांगावे.