बिस्मथ फेराइटचा नाद आता पुरे करावा का?

खडू_आणि_फळा (धागाकर्ता):
चुंबकत्व आणि विद्युत ध्रुवण (धन-ऋण प्रभार आपोआप किंचित वेगळे सरकणं) एकाच स्फटिकात नांदतात, म्हणून ते एकमेकांचं ऐकतातच, म्हणजे एकाने दुसरं बदलता येतंच, असं नाही. बिस्मथ फेराइट हा बिस्मथ, लोह आणि ऑक्सिजनचा असाच स्फटिक. त्यात ध्रुवण येतं बिस्मथच्या इलेक्ट्रॉनजोडीमुळे आणि चुंबकत्व लोहामुळे. ध्रुवण साधारण ११०० केल्विनपर्यंत टिकतं, चुंबकीय क्रम ६४० च्या आसपासच मोडतो. त्यातही लोहाचे स्पिन (अणूतले सूक्ष्म चुंबक) सुमारे ६२ नॅनोमीटरच्या आवर्तनात वळत जातात, त्यामुळे एकूण चुंबकत्व जवळपास शून्यच. २००३ मध्ये पदार्थवैज्ञानिक राममूर्ती रमेश यांच्या गटाने पातळ फिल्ममध्ये भरघोस ध्रुवण दाखवलं आणि सगळे याच्या मागे लागले. माझ्या मते पैसा आता संमिश्रांकडे, म्हणजे दोन वेगळ्या पदार्थांच्या जोडीकडे वळवावा. टर्फेनॉल-डी हा मिश्रधातू आणि पीझेडटी हे ताणाने व्होल्टेज देणारं सिरॅमिक, यांचे थर चिकटवा. चुंबकीय क्षेत्रात पहिला ताणला जातो, तो ताण दुसऱ्यावर येतो, व्होल्टेज मिळतं. तेही खोलीच्या तापमानाला.

स्पिनवेडी:
अजिबात पटलं नाही. टर्बियम मँगनाइट हा दुसरा स्फटिक विसरलात? किमुरा-तोकुरा गटाने तेही २००३ मध्येच दाखवलं. तिथे स्पिनची सर्पिल रचना स्वतःच ध्रुवण निर्माण करते आणि चुंबकीय क्षेत्र लावलं की ध्रुवण ९० अंशांत वळतं. कर्ता एकच आहे, मग न ऐकण्याचा प्रश्न येतोच कुठे?

खडू_आणि_फळा:
ताई, पण ते २८ केल्विनच्या खाली! शिवाय ध्रुवण बिस्मथ फेराइटच्या फिल्मपेक्षा शेकडो पटींनी कमी. त्याचं उपकरण कसं करणार?

भट्टीवाला:
मी पेलेट (पावडर दाबून केलेल्या चकत्या) भाजणारा माणूस. बिस्मथ भट्टीत उडून जातं म्हणून बिस्मथ ऑक्साइड थोडं जास्तच घालावं लागतं. तरी एक्सआरडीत (क्ष-किरण चाचणीत) बिस्मथ-लोहाच्या दुसऱ्याच ऑक्साइडची शिखरं डोकावतात. मग विजेची गळती वाढते, हिस्टेरिसिस लूपची (विद्युतक्षेत्राबरोबर ध्रुवण कसं बदलतं त्या आलेखाची) टोकं गोल होतात आणि तोच फुगलेला लूप 'उत्तम ध्रुवण' म्हणून पेपरात छापला जातो. याची मनापासून चीड येते. आधी गळतीप्रवाह मोजा, मग चुंबकत्वाशी जोडणीबद्दल बोला.

स्पिनवेडी:
भट्टीवाले, शंभर टक्के सहमत. पण तो दोष करणाऱ्याचा, पदार्थाचा नव्हे. खडूसर, तुमच्या ताणाची मर्यादाही सांगा ना! ताणाला अक्ष असतो, दिशा नसते. नुसत्या ताणाने चुंबकत्व ९० अंश वळवता येतं. थेट १८० अंश उलटायला बाहेरून आणखी काहीतरी लागतं. संगणकाच्या मेमरीला हवं असतं नेमकं उलटणं. २०१४ मध्ये बिस्मथ फेराइटवरच्या कोबाल्ट-लोहाच्या थराचं चुंबकत्व निव्वळ विद्युतक्षेत्राने उलटवून दाखवलं, खोलीच्या तापमानाला. ध्रुवण एका झटक्यात नाही, ७१ आणि १०९ अंशांच्या दोन टप्प्यांत फिरतं, म्हणून चुंबकत्वही मागोमाग येतं. २०१८ मध्ये इंटेलच्या संशोधकांनी याच जोडणीवर लॉजिक (गणना करणाऱ्या) उपकरणाचा प्रस्ताव मांडला.

खडू_आणि_फळा:
मेमरीपुरता मुद्दा बिनतोड आहे. पण चुंबकीय संवेदकाला काही उलटवायचं नसतं, क्षीण क्षेत्र टिपायचं असतं, आणि तिथे संमिश्र कितीतरी पुढे आहेत. निधीच्या अर्जात या दोन कामांची सरमिसळ होते, माझा राग त्यावर आहे.

भट्टीवाला:
आणि ती फिल्म कोट्यवधी वेळा उलटल्यावर टिकते का, हे अर्जात कोण लिहिणार?