आईसाठी फोन: १२० हर्ट्झ, १०८ मेगापिक्सेल खरंच लागतं का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आईसाठी नवीन फोन घ्यायचाय. वय ६८, व्हिडिओ कॉल, फोटो आणि भजनं, एवढाच वापर.

जिथे विचारावं तिथे १२० हर्ट्झचा स्क्रीन आणि १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा, हेच ऐकवतात. १२० हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होतो, ६० च्या दुप्पट. सरकवताना फरक जाणवतो हे मान्य, पण बॅटरीही जास्त जाते. १०८ मेगापिक्सेलचे कॅमेरे एरवी ९ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात. मग त्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे का मोजायचे?

तिची खरी अडचण वेगळीच आहे. कामाने बोटांच्या रेषा झिजल्यात, त्यामुळे फिंगरप्रिंट लागतच नाही. परवा माझा कॉल घ्यायच्या आधी तिने अंगठा चार वेळा पुसून पुसून टेकवला, आणि शेवटी फोन शेजारच्या मुलीच्या हातात दिला. मला फार वाईट वाटलं. अक्षरं मोठी केली की काही ॲपमधली बटणं स्क्रीनबाहेर जातात, ते आणखी वेगळंच.

ज्यांच्या घरी वयस्कर माणसं रोज फोन वापरतात त्यांनी कृपया सांगा: स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट सेन्सर बरा की बाजूच्या बटणातला? चेहऱ्याने उघडणारं लॉक चष्मा लावून, कमी उजेडात चालतं का? आणि ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय कुणी वर्षभर वापरली आहे का, बॅटरीत फरक पडला?