मुंबईला दोन दिवस, घरची पाच माणसं: पास काढावा की सुटी तिकिटं?

सिडकोकर
दिवाळीच्या सुटीत नाशिकहून मुंबईला जाऊन आलो. मी, बायको, आई (७२), मुलगी (९) आणि मुलगा (४). मुक्काम घाटकोपरला मावशीकडे. निघायच्या आधी ऑफिसात जो तो सांगत होता, "लोकलचा टुरिस्ट पास काढ, डोक्याला ताप नको." मी काढला नाही आणि आता छातीठोकपणे सांगतो, घरच्या माणसांना घेऊन दोन दिवस जायचं असेल तर पास हा तोट्याचा सौदा आहे.

हिशोब बघा. पहिल्या दिवशी घाटकोपर ते सीएसएमटी १० रुपये, तिथून भायखळा ५, भायखळ्याहून परत घाटकोपर १०. माणशी २५. आम्ही तीन मोठी माणसं, म्हणजे ७५. मुलीचे किरकोळ, मुलगा पाचच्या आतला म्हणून फुकट. दुसऱ्या वर्गाचा एक दिवसाचा पास एका माणसाला पाऊणशेच्या आसपास पडतो. एका पासाच्या पैशात आम्ही तिघं फिरलो! पास वसूल करायचा तर आईला दिवसभर विरार-चर्चगेट करत बसवावं लागलं असतं.

पंचवटीची सून
हिशोब बरोबर, पण तिकीट कोणाच्या खिशात होतं ते सांगा ना भाऊ.

आमच्या ह्यांनीही असंच मोबाइलवर एका झटक्यात चौघांचं तिकीट काढलं. ॲपवर एका तिकिटात चार माणसं बसतात, त्याचंच कौतुक. गाडी आली, गर्दी बघून मी आणि सासूबाई बायकांच्या डब्यात शिरलो, हे पुढच्या डब्यात. दादरला टीसी बाई चढल्या. तिकीट दाखवा. तिकीट ह्यांच्या फोनमध्ये, ह्यांचा फोन गर्दीत वाजत असणार, उचलतंय कोण! आणि स्क्रीनशॉट चालत नाही, ज्या फोनवर काढलं त्याच फोनवर दाखवावं लागतं. सासूबाई डब्यातल्या सगळ्यांना सांगत होत्या, "अहो, आम्ही तसल्या नाही." दंड कमीत कमी २५० रुपये, वर भाडं, तेही माणशी. पुढच्या स्टेशनावर हे धावत आले म्हणून निभावलं. पास ज्याचा त्याच्या हातात असतो. मी तर पासाच्याच बाजूची.

सिडकोकर
ताई, हा पासाचा गुण नाही, एका फोनवर काढण्याचा दोष आहे. बायकोच्या फोनवर बायका-मुलांचं, माझ्यावर माझं. किंवा सरळ खिडकीवर कागदी.

पंचवटीची सून
दादरची खिडकी संध्याकाळी सहाला बघितलीय का? एका हातात चार वर्षांचं पोर धरून?

कसारामार्गे
तुम्ही सगळे पंचवटी एक्सप्रेसनं जायचं धरून बोलताय. आमची जुनी पद्धत ऐका. नाशिकच्या द्वारका चौकातून भरेल त्या टॅक्सीनं कसारा, तिथून लोकल. कसाऱ्यापर्यंत उपनगरी हद्द आहे. तीन दिवसांचा टुरिस्ट पास एक दिवसाच्या दुप्पटही पडत नाही. तो कसाऱ्यालाच काढायचा, जाणं, मधलं फिरणं, येणं, सगळं एकातच. वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर कुठेही चढा. माझं घाटकोपर ते भायखळा नसतंच, माझं वसई, पनवेल सगळं होतं.

जेलरोड
@कसारामार्गे एकटा असशील तर ठीक. ह्यांच्याबरोबर ७२ वर्षांची आई आणि चार वर्षांचा मुलगा आहे, हे वाचलंस का? टॅक्सी भरेपर्यंत उन्हात उभं राहायचं, मग घाट, मग लोकलमध्ये दोन तास. लोकलला संडास नसतो मित्रा. घरच्यांचं तिकीट निवडताना पहिला प्रश्न तो.

लालपरी
एवढा कीस पाडताय, एसटीचं नाव कोणी घेत नाही. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. ह्यांच्या घरचं मोजा: स्वतः पूर्ण, बायको अर्धं, आई अर्धं, मुलगी बाराच्या आतली म्हणून अर्धं, मुलगा फुकट. पाच माणसं, अडीच तिकिटं! आईंना ७५ पूर्ण झाली की त्यांचंही शून्य. आणि रेल्वे? ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० ला बंद झाली ती झालीच.

जुना पासधारक
मी बरीच वर्षं पंचवटीनं रोज मुंबई केली, म्हणून थोडं बोलतो.

लालपरीचं अर्धं खरं आहे. रेल्वेत मुलांच्या बाबतीत लोक फसतात. चेअर कार किंवा आरक्षित सेकंड सीटिंगमध्ये पाच ते बारा वयाला अर्धं तिकीट नाही, २०१६ पासून पूर्ण लागतं. अर्धं मिळतं ते बिनआरक्षित डब्यात. म्हणजे सिडकोकरांच्या घरची चार पूर्ण तिकिटं.

पण आता पुढचा हिशोब करा. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा, साध्या गाडीला टप्प्याला सुमारे दहा रुपये. मुंबई १८० किलोमीटर धरा, तीस टप्पे, पूर्ण तिकीट तीनशेच्या घरात. अडीच तिकिटांचे साडेसातशे. पंचवटीचं सेकंड सीटिंग शंभराच्या आगेमागे, चौघांचे चारशे. अर्धं तिकीट ऐकून माणूस हरखतो, पण अर्धं कशाचं ते बघावं लागतं.

आणि एक विनंती. पंचवटीत रोजच्या मासिक पासधारकांच्या डब्यात पोरंबाळं घेऊन चढू नका. तिथं प्रत्येक खिडकीला मालक असतो. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, सुट्यांचं त्याच दिवशी करून टाका. परतीची गाडी सीएसएमटीहून संध्याकाळी सव्वासहाला, त्या हिशोबानं शेवटचं ठिकाण दक्षिणेकडे ठेवा. जुहूला सूर्यास्त बघून पंचवटी पकडता येत नाही.

लालपरी
साडेतीनशेचा फरक मान्य. पण नाशिकरोड स्टेशनचा जिना आजींनी चढायचा ना? महामार्ग स्टँडवर गाडीच्या दाराशी रिक्षा थांबते.

गंगापूर रोड
त्या रिक्षाचं भाडं कोणी धरलंय का? सकाळी सातच्या सुमाराची गाडी गाठायला आमच्याकडून पहाटे नाशिकरोडला रिक्षा केली की चौघांच्या रेल्वे तिकिटाएवढे पैसे तिथेच जातात. सिटीलिंकची बस त्या वेळी मिळाली तर नशीब. तुम्ही लोकलच्या पाच-पाच रुपयांवर भांडताय!

सिडकोकर
हे मात्र खरं. रिक्षाला दिलेला आकडा मी बायकोला अजून सांगितलेला नाही.

ठाणेकर जावई
मूळचा नाशिकचा, आता ठाण्यात. मुंबईत बसचा विचार कोणी करत नाही याचं नवल वाटतं. बेस्टचा दिवसाचा पास ७५ रुपयांचा आहे. मे २०२५ पासून साध्या बसचं किमान भाडं १० आणि एसीचं १२ झालंय, त्यामुळे आठेक वेळा चढ-उतार झाली तरच पास फिटतो. घरच्यांसोबत दिवसात आठ बसा होत नाहीत, चार झाल्या तरी मुलं रडायला लागतात. सबब सुटी तिकिटं, सिडकोकरांना माझं मत. फक्त गर्दीच्या वेळी आजींना लोकलमध्ये कोंबू नका. भुयारी मेट्रो आता आरेपासून कफ परेडपर्यंत चालू आहे, भाडं १० ते ७०. लोकलपेक्षा महाग, पण लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत, बसायला मिळण्याची आशा आहे.

पंचवटीची सून
बघा, सगळे फिरून तिथेच येताय. आजींसाठी मेट्रो, पोरांसाठी संडासवाली गाडी, गुडघ्यांसाठी एसटी. कोणाला काय झेपतं ते बघून तिकीट ठरतं, पासाच्या किमतीवरून नाही. मी पासाच्या बाजूची होते ती रांग टाळायला. मला माझ्या पर्समध्ये माझं आणि सासूबाईंचं तिकीट हवं, तो पास असो की पाच रुपयांचा कागद.

कसारामार्गे
म्हणजे पास हरला?

पंचवटीची सून
तुझा नाही रे. तू एकटा वसई-पनवेल हिंड.

सिडकोकर
ताईंचं पटलं. पुढच्या खेपेला दोन फोन आणि आईच्या पिशवीत एक कागदी तिकीट. हिशोबात मात्र मी हटत नाही, पाच जणांच्या घराला दिवसाचा पास परवडत नाही.

जाता जाता एक. घरच्या सगळ्यांचं मिळून असं तिकीट अख्ख्या सहलीत एकाच ठिकाणी दिसलं, राणीच्या बागेत. १०० रुपयांत चौघं. (बुधवारी बाग बंद असते, आम्ही थोडक्यात वाचलो.) मी खुशीत पाकीट काढलं, तर खिडकीवरचा म्हणाला, आई-वडील आणि दोन मुलं, एवढंच कुटुंब यात बसतं. आईचं वेगळं विचारायला लागलं. ती मागेच उभी होती, तिनं ऐकलं. पेंग्विन बघून झाले, हत्ती बघून झाला, बाकावर बसून घरून आणलेला चिवडा निघाला, तेव्हा पुडी माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "घ्या. तुमचं चौघांचं कुटुंब आधी खाऊ दे."