मदत हवी आहे: हाताची हालचाल ओळखून बकुळीचा वास सोडणारा मनगटी पट्टा

नमस्कार. आम्ही वेंगुर्ल्याचे. आजीला स्मृतिभ्रंश आहे. दुपारी पडवीत बसली की तिचे हात ओवळं ओवू लागतात. बकुळीच्या फुलांना आमच्याकडे ओवळं म्हणतात. समोर फूल नसतं, दोरा नसतो. उजव्या हाताची चिमूट परडीत गेल्यासारखी खाली जाते, डाव्या हाताशी येते, तीन-चारदा असं झालं की एक लांब ओढ.

एकदा त्याच वेळी वाळलेली ओवळं तिच्या नाकाशी धरली. हात थांबले आणि तिने विचारलं, "ताई खंय गेली?" तिची थोरली बहीण. कितीतरी महिन्यांनी आम्ही तो शब्द ऐकला. हात स्वस्थ असताना तीच फुलं धरली तर मात्र काहीच घडत नाही. म्हणून वास आमच्या मर्जीने नको, तिच्या हातांनी बोलावल्यावर यावा, असं मला फार वाटतं.

बाकी इंद्रियांचे संदेश मेंदूत आधी थॅलॅमस या संदेश पुढे पाठवणाऱ्या भागातून जातात. वासाचे संदेश त्या वळणाशिवाय भावना आणि आठवणींशी जोडलेल्या भागांकडे पोचतात. पण अल्झायमरमध्ये वास घेण्याची शक्ती बरेचदा लवकर मंदावते, त्यामुळे वेळ दवडायचा नाही.

मनगटावर ईएसपी ३२ (बिनतारी जोडणी असलेला छोटा संगणक-बोर्ड) आणि हालचाल मोजणारा एमपीयू ६०५० सेन्सर बसवलाय. गळ्यातल्या छोट्या डबीत वाळकी ओवळं, बारीक पंखा आणि दुसरा ईएसपी ३२. अत्तर मुद्दाम टाळलं. ओवळं वाळली तरी त्यांचा वास जात नाही, आणि तो तिच्या ओळखीचा आहे.

अडचण अशी की पदर सावरला, पेज खाल्ली, तरी पंखा फिरतो. डबी नीट मिटत नाही, वास सतत झिरपतो आणि नाक सरावतं. पावसाळ्यात फुलांना बुरशी येईल ती वेगळीच. शिवाय गळ्याशी लिथियम बॅटरी ठेवायची भीती वाटते.

<b>प्रतिसाद:</b>
ताई, हाताच्या एका झटक्यावर पंखा सुरू करू नका. आखूड, आखूड, आखूड, लांब ही लय शोधा. ती सलग तीनदा आली तरच पंखा. आजींना खरी परडी आणि दोरा देऊन दहा मिनिटांची नोंद घ्या. जेवतानाची, पदर सावरतानाची वेगळी घ्या. सुई मात्र देऊ नका. डबीला रबरी कडेचं झाकण आणि ते उघडा-मिटायला छोटी सर्व्हो मोटर लावा, आत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी. ती आणि फुलं आजींच्या तोंडात जाणार नाहीत अशी जाळीआड ठेवा. आणि गळ्यात डबी हवीच कशाला? खुर्चीच्या हाताला बांधा, बॅटरीचा प्रश्नच मिटेल.

<b>धागाकर्ती:</b>
खुर्चीचं पटलं, आजच बांधली. नोंद मात्र अर्धीच झाली. परडी समोर ठेवताच आजीने पट्टा ओढून काढला, "ह्यां कित्याक? दोरो अडकता." तिचं खरंच आहे, ओढताना दोरा पट्ट्याच्या कडेवर येतो. बांगड्या मात्र तिला अडत नाहीत. सेन्सर बांगडीत बसवलेला कोणी आहे का? बांगड्या एकमेकींवर आपटतात, तो हादरा नोंदीतून कसा वेगळा काढायचा?