बडोद्यात दारू सोडताना सोबत कुठे मिळाली? (अनुभव धागा)

गुजरातेत १९६० पासून दारूबंदी आहे. त्यामुळे बडोद्यातल्या घरांना या विषयावर तोंड उघडायची दुहेरी धास्ती वाटते, अब्रूची आणि पोलिसांची. पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलेले आपल्याकडे आहेत, पण तिथून परतल्यावर संध्याकाळचे सात इथेच वाजतात. त्या वेळी शेजारी बसणारं माणूस इथलंच लागतं. ते तुम्हाला कसं सापडलं, लिहा. नाव, गल्ली, नोकरी नको; दारू सोडणाऱ्यांच्या मिटिंगमध्ये कोण दिसलं हे तर अजिबात नको.

माझ्या धाकट्या भावापासून सुरुवात करते. आम्ही १४४४६ या सरकारी हेल्पलाइनला फोन लावला, पैसे पडत नाहीत. सकाळी हात थरथरतात का, प्यायला उशीर झाला तर घाम फुटतो का, हे त्यांनी आधी विचारलं. दोन्हीला हो म्हटल्यावर म्हणाले, एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. तो अ‍ॅडमिट असतानाच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार द्यायच्या एए या गटाचे, दोघे भेटायला आले. डिस्चार्ज झाला त्या संध्याकाळी तेच त्याला मिटिंगला घेऊन गेले.

मांडवीकर

ताई, मला न्यायला कुणी नव्हतं. पत्ता घेऊन गेलो आणि समोरच्या पानाच्या टपरीपाशी उभा राहिलो. आत ओळखीचं कुणी निघालं तर, ही धाकधूक. एक काका थर्मास घेऊन चालले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, ‘आवो ने, चा ठंडी थई जशे.’ किती पिता, कधीपासून, काही विचारलं नाही.

आत प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर दारू सोडायच्या एए च्या बारा पायऱ्या, गुजरातीत. फी नाही, हजेरी नाही. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. शेवटी ऐच्छिक वर्गणीचा डबा फिरतो, आमच्या गटात नव्या माणसापुढे तो थांबवत नाहीत. एक जण बोलत असताना दुसरा मध्ये तोंड घालत नाही. घरी प्रत्येक जण मला समजावत होता. इथे प्रत्येक जण स्वतःचं सांगत होता, आणि ऐकताना वाटत होतं, हा माझ्याच घरातलं बोलतोय. माझी पाळी आली. आईचा विषय निघाला तशी गुजराती संपली, मराठीतच बोलत सुटलो. कुणी अडवलं नाही.

निघताना एका चिठ्ठीवर फोन नंबर लिहून खिशात घातले. त्यातलेच एक पुढे माझे स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारे जुने सभासद, झाले. त्यांचा नियम आहे, तलफ आली की पिण्याआधी फोन करायचा. पगाराच्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यातूनच करतो.

वॉर्डातली सिस्टर

कळकळीने सांगते, रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, आणि यात माणूस दगावतो. म्हणून मिटिंगच्या जोडीला डॉक्टर हवेतच. ‘पेशंटला न सांगता दारू सोडवा’ म्हणून जे विकतात ते आमटीत, चहात कालवू नका. त्यात डायसल्फिराम ही दारू सोडवायची गोळी असू शकते, आणि ती पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. ती गोळी माणसाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची.

पोलिसांच्या भीतीने केसपेपर काढत नाहीत, याचं फार वाईट वाटतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणारे मानसिक त्रासही येतात, आणि मोजके अपवाद सोडले तर पेशंटची माहिती गुप्त ठेवणं कलम २३ प्रमाणे बंधनकारक आहे. कारेलीबागेतलं सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे, सयाजी हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आहे. सरळ जा.

रावपुऱ्याची वहिनी

हे मिटिंगला जायला लागले तरी माझं वास घेणं सुटेना. दार उघडलं की आधी श्वास. साहेबांना ‘ताप आहे’ म्हणून फोन करायची सवय अंगात मुरलेली. यांच्याच गटातल्या एकांच्या पत्नीने अल-अ‍ॅनॉनचं सांगितलं. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी हे गट अमेरिकेत १९५१ पासून आहेत, मुलांसाठी अलाटीन वेगळं. मी ऑनलाइन मराठी मिटिंगला बसते. तिथे पहिल्यांदा कुणी विचारलं, वहिनी, तुम्ही जेवलात का? खूप रडले. आता यांचा मोबाइल, पाकीट तपासत नाही. स्वयंपाक आटोपून स्वतःच्या मिटिंगला बसते, आणि त्या तासात मला कुणी हाक मारायची नाही.

सुरसागर

मी बाई आहे आणि मीच प्यायचे. त्या खोलीत बाई मी एकटीच. सगळे अदबीने वागले, पण काही गोष्टी तोंडातून निघेनात. बायकांच्या ऑनलाइन मिटिंगमध्ये त्या बोलता आल्या. आता दोन्हीकडे जाते. बायांनो, एकट्या असलात तरी जा.

वाडीतून

वडील तयार झालेत, पण एकटे जायचं नाही म्हणतात. मला सोबत बसता येईल का?

मांडवीकर

दादा, ओपन मिटिंगला घरचे बसू शकतात, क्लोज्ड फक्त पिणाऱ्यांसाठी असते. गटाला आधी फोन करून कुठल्या दिवशी ओपन आहे ते विचारा. क्लोज्ड असली तरी त्यांना दारापर्यंत सोडा आणि मिटिंग संपेपर्यंत खाली थांबा. आतून कुणीतरी त्यांना घ्यायला येईल.